सुपरव्हिजन संस्थेतली घ्यावी की बाहेरची?

एम.ए. झालं, एखाद्या संस्थेत समुपदेशक म्हणून नोकरी लागली, की थोड्याच महिन्यांत हा प्रश्न येतो: संस्थेतल्या सिनिअरकडून मिळते ती सुपरव्हिजन (आपल्या केस अनुभवी माणसापुढे मांडून मार्गदर्शन घेणं) पुरेशी आहे, की पदरचे पैसे घालून बाहेर कुणाकडे जावं? क्लिनिकल सायकॉलॉजीत एम.फिल. केलेल्यांची दोन वर्षं कुणाच्या तरी नजरेखाली गेलेली असतात. आपली इंटर्नशिप संपली की आपण आणि क्लायंट, मध्ये कुणी नाही. ब्रिटनमध्ये बीएसीपीचं, म्हणजे तिथल्या समुपदेशकांच्या संघटनेचं, अ‍ॅक्रेडिटेशन हवं तर महिन्याला किमान दीड तास सुपरव्हिजन घ्यावीच लागते. आपल्याकडे समुपदेशकावर अशी सक्ती नाही, त्यामुळे ज्याचं त्याने ठरवायचं. मी दोन्हीकडे राहिलोय, मधल्या काळात गटातही बसलोय.

संस्थेतल्या सुपरव्हिजनला उगाच नावं ठेवली जातात, म्हणून तिची बाजू आधी. दुपारी चार वाजता समोरची मुलगी सांगते की तिने गोळ्या साठवून ठेवल्यात, तेव्हा पुढच्या गुरुवारच्या ऑनलाइन तासाचा काही उपयोग नसतो. तेव्हा शेजारच्या खोलीतल्या मॅडम लागतात, ज्या लगेच येऊन विचारतील, घरी आत्ता कोण आहे, गोळ्या कुठे आहेत, सायकिअ‍ॅट्रिस्टना फोन केलास का. पॉक्सोचंही, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या कायद्याचंही, तेच. कलम १९ खाली पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे हे सगळ्यांना पाठ असतं. पण पत्रावर सही कुणाची, कुठल्या पोलीस ठाण्यात द्यायचं, मुलीच्या आईशी आधी कोण बोलणार, बालकल्याण समितीसमोर कोण जाणार, हे त्याच संस्थेत ज्याने निस्तरलंय तोच नीट सांगू शकतो. शिवाय ती फुकट असते, आणि पहिल्या नोकरीच्या पगारात हा मुद्दा लहान नाही.

माझं अडलं ते रजिस्टरवर.

दर आठवड्याला तास ठरलेला असायचा. मॅडम मनाने चांगल्या, अभ्यास दांडगा. पण प्रकल्पाचा अहवालही त्यांच्याच डोक्यावर. त्यामुळे बसल्या बसल्या पहिला प्रश्न, "या महिन्याचा आकडा किती झाला?" मग नवीन किती, फॉलोअप किती, मध्येच सोडून गेलेले किती, संमतीपत्रांवर सह्या आहेत का, मागच्या तिमाहीच्या तक्त्यात बेरीज का जुळत नाही. मध्ये फोन. निधी देणाऱ्यांची भेट ठरली असेल तर बघायलाच नको. केसवर यायला शेवटची दहा-पंधरा मिनिटं उरायची आणि तेवढ्या वेळात एकच सांगून होतं, क्लायंटचं काय चाललंय. तिच्यासमोर बसताना माझं काय होतंय, हे दर आठवड्याला पुढे ढकललं जायचं. ब्रिजिड प्रॉक्टर यांनी सांगितलेली सुपरव्हिजनची तीन कामं, नॉर्मेटिव्ह (काम नियमात आहे ना बघणं), फॉर्मेटिव्ह (शिकवणं) आणि रिस्टोरेटिव्ह (समुपदेशकाला आधार देणं), आपण सगळ्यांनी परीक्षेत लिहिलीत. आमच्या तासात पहिल्याने उरलेल्या दोघांना गिळून टाकलं होतं.

लोक सहसा वेगळं कारण देतात: जो अप्रेझल भरतो त्याच्यापुढे अवघड केस कोण काढणार? तेही खरं असेल. मला मात्र त्याचा फारसा त्रास झाला नाही, माझा वैताग त्या तक्त्याचाच होता. तुमच्या संस्थेत रजिस्टर बघणारा माणूस आणि केस ऐकणारा माणूस वेगळे असतील, तर हा लेख तुम्ही इथेच सोडलात तरी चालेल.

बाहेरच्या सुपरव्हायझरांची पहिली अट होती व्हर्बेटिमची. सेशनमधली कुठलीही दहा मिनिटं आठवून लिहून आणायची. पानाचे तीन रकाने: ती काय म्हणाली, मी काय म्हणालो, माझ्या मनात काय चाललं होतं. नवऱ्याच्या दारूने गांजलेल्या एका बाईंची केस होती (तपशील बदललेत). पहिल्या रकान्यात त्यांचं वाक्य, "घरी गेलं की काय बोलावं तेच सुचत नाही, सर." मधल्यात माझं "हं." तिसऱ्यात मी लिहिलं होतं, "आता काय बोलू?" सुपरव्हायझर सरांनी पहिल्या आणि तिसऱ्या रकान्याखाली पेनाने रेघ ओढली आणि वही माझ्याकडे सरकवली. बाकी तास त्या दोन ओळींवरच गेला. पॅरलल प्रोसेस, म्हणजे क्लायंटचं जे होतंय तेच नकळत समुपदेशकाचंही होणं, मी पुस्तकात वाचला होता, स्वतःच्या अक्षरात तेव्हा पाहिला. असा तास आकडेवारी उरकून उरलेल्या वेळात झाला असता, असं मला तरी वाटत नाही.

बाहेर सगळं गोड आहे असं नाही. खाजगी प्रॅक्टिस करणाऱ्या सुपरव्हायझरला कधीकधी आपला क्लायंटच माहीत नसतो. "दर आठवड्याला बोलवा" म्हणताना दोन एस.टी. बदलून, रोज बुडवून येणारी बाई त्यांच्या डोळ्यांसमोर नसते. दुसरं म्हणजे ज्याची थेरपी त्याची सुपरव्हिजन. कि. मो. फडके यांच्या कामामुळे महाराष्ट्रात आरईबीटी (अविवेकी विचार शोधून बदलण्यावर भर देणारी थेरपी) चांगली रुजली आहे, त्यामुळे इथे तुमच्या क्लायंटची 'अविवेकी समजूत' लगेच शोधून देणारे भेटण्याची शक्यता बरीच. काही केसेसमध्ये ते हवंच असतं. शोकात असलेल्या माणसाबाबत नको वाटतं.

गट स्वस्त पडतो आणि इतरांच्या केस ऐकून शिकायला मिळतं. पण आपली पाळी येईपर्यंत केस पुढे निघून जाते. आणि लहान शहरात नाव गाळून काही होत नाही. "साखर कारखान्यातल्या अधिकाऱ्यांची सून, गेल्या वर्षी माहेरी परत आली" एवढं म्हटलं की गटातले दोघं एकमेकांकडे बघतात. पुण्या-मुंबईत चालेल कदाचित.

संस्था चालवणाऱ्यांनी विचारलं तर माझा कल असा: संकटातल्या केससाठी आणि नोंदींसाठी आतला सिनिअर ठेवा, आणि महिन्यातून दोनदा तरी बाहेरचं माणूस संस्थेच्या पैशाने आणा. मात्र त्या माणसाकडून व्यवस्थापनाकडे काय जाणार, ते आधी लेखी ठरवा. हजेरी जाईल, कुणाच्या जिवाला धोका असेल तर तेही जाईल, बाकी नाही. हे न ठरवता आणलेला सल्लागार महिन्याभरात दुसरा व्यवस्थापक होतो, आणि वरिष्ठांना "तो नवा मुलगा कसा आहे?" हे विचारायचा मोह आवरत नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याचं कलम २३ गोपनीयतेबद्दल आहे, तेही एकदा सगळ्यांनी मिळून वाचावं. आपली केस नाव न सांगता सुपरव्हिजनमध्ये मांडली जाते, हे क्लायंटला पहिल्याच भेटीत सांगायचं, हे आलंच.

तेव्हा पगारात बसत असेल तर पंधरा दिवसांतून एकदा बाहेर जाच, असं मी म्हणेन. नसेल बसत तर महिन्यातून एकदा. पहिल्या फोनवर दोन गोष्टी विचारा: ते स्वतः अजून कुणाकडे सुपरव्हिजनला जातात का, आणि मधल्या दिवसांत अडचण आली तर फोन केलेला चालेल का. पहिल्या प्रश्नाला "आता मला कशाला लागतेय" असं उत्तर आलं तर दुसरा नंबर फिरवा. आणि फीबद्दल लाजू नका. नव्या लोकांसाठी बरेच जण फी कमी करतात, पण आपण होऊन सांगत नाहीत.