दहा दिवसांच्या बिलाचं अ‍ॅप आणि अ‍ॅनालिटिक्सचे आठ महिने

आमचं अ‍ॅप लहान आहे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या काही दूध संस्थांचे सभासद त्यावर आपलं दूध किती गेलं, फॅट किती लागली, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) किती आणि बिल किती झालं एवढंच बघतात. आम्ही तिघं मिळून ते चालवतो. लोक खरंच अ‍ॅप उघडतात का, हे कळावं म्हणून आठ महिन्यांपूर्वी अ‍ॅनालिटिक्स बसवायचं ठरवलं. समोर अशा टूलची नेहमीचीच नावं होती: फायरबेस, मिक्सपॅनल, अ‍ॅम्प्लिट्यूड, पोस्टहॉग. आम्ही फायरबेस घेतलं. तुलनेचा तक्ता वगैरे काही केला नाही. क्रॅशलिटिक्समुळे (अ‍ॅप कुठे बंद पडतं ते कळवणारा त्याचाच भाग) ते आधीच घरात होतं, आणि फुकट होतं.

पहिल्या पंधरा दिवसांत रिटेन्शनचा, म्हणजे किती जण परत येतात त्याचा, आलेख बघून पोटात गोळा आला. अ‍ॅप घेतल्यानंतर दुसऱ्या दिवशी बरेच जण परत येत होते, सातव्या दिवशी जवळजवळ कोणीच नाही. त्याच सुमारास एका सशुल्क टूलच्या विक्रेत्याने डेमो दिला आणि रोज सकाळी नोटिफिकेशन पाठवा, आकडा वर येईल, असं ठासून सांगितलं. वर्षाचे पैसे भरायच्या बेतात होतो. त्याआधी एकदा डेअरीवर जाऊन बसू म्हटलं. पहाटे पाचला रांग लागलेली. सचिव काका नमुना मशीनला लावता लावता म्हणाले, "अवो सर, बिल दहा दिवसानं हुतंय, रोज काय बघायचं त्यात?"

झालं. आमचा माणूस १, ११ आणि २१ तारखेच्या आसपास अ‍ॅप उघडतो. मधले दिवस त्याच्या हातात कागदी पावती असतेच. पहिला, सातवा, तिसावा दिवस ही मोजपट्टी रोज उघडायच्या अ‍ॅपसाठी ठीक. आमच्याकडे ती लावली तर वेळच्या वेळी बिल बघणारा सभासदही 'गेलेला' दिसतो.

मग टूल निवडीचा प्रश्नच बदलला: दहा दिवसांचा हप्ता कोण मोजू देतं? गुगल अ‍ॅनालिटिक्सच्या (फायरबेसमागे तेच चालतं) कोहोर्ट अहवालात, म्हणजे एकाच वेळी आलेल्या लोकांचे गट करून बघायच्या अहवालात, दिवस, आठवडा, महिना एवढे पर्याय आहेत. अ‍ॅम्प्लिट्यूडमध्ये दिवसांचे गट आपण ठरवू शकतो, मिक्सपॅनलमध्येही. इथे जरा थांबा, कारण आम्हीही इथेच खूश होऊन फसणार होतो. ते गट माणसाच्या पहिल्या दिवसापासून मोजले जातात. बिलाचा हप्ता मात्र कॅलेंडरवर चालतो, आणि शेवटचा हप्ता फेब्रुवारीत आठ दिवसांचा तर जुलैत अकरा दिवसांचा. तो कुठल्याच तयार चौकटीत बसेना. शेवटी बिगक्वेरीत, म्हणजे गुगलच्या डेटा साठवायच्या आणि तपासायच्या सेवेत, कच्चा डेटा घेऊन स्वतःच क्वेरी (डेटाला विचारायचा प्रश्न) लिहिली. साध्या खात्याला दिवसाला १० लाख इव्हेंटपर्यंत (इव्हेंट म्हणजे अ‍ॅपमधल्या एकेका कृतीची नोंद) ही निर्यात करता येते. आमच्या आकाराला ते चिक्कार झालं.

बिगक्वेरीत आम्ही केलेल्या चुका सांगतो, त्यात कोणाचा तरी वेळ वाचेल. जोडणी केल्या दिवसापासूनचाच डेटा तिथे येतो, मागचा येत नाही. ही जोडणी आम्ही दोन महिने उशिरा केली. मग खात्याला कार्ड न जोडता सँडबॉक्समध्येच, म्हणजे त्याच्या फुकट आवृत्तीत, राहिलो. तिथले तक्ते ६० दिवसांनी आपोआप पुसले जातात, हे वाचलं होतं आणि विसरलो. दिवाळीच्या बिलाचे आकडे असे गेले.

सगळ्यात मजेशीर घोळ वेळेचा. इव्हेंटची वेळ यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) नोंदली जाते, आणि यूटीसीची मध्यरात्र म्हणजे आपले पहाटेचे साडेपाच. मी तारीख त्या वेळेवरून काढत होतो. त्यामुळे साडेपाचच्या आधी डेअरीवर आलेली माणसं आदल्या दिवसात पडायची. तारखेचा वेगळा रकाना तयार असतो, तो प्रॉपर्टीच्या, म्हणजे अ‍ॅनालिटिक्समधल्या आपल्या अ‍ॅपच्या खात्याच्या, टाइमझोनप्रमाणे चालतो. तोच वापरा.

इव्हेंटच्या नावांचंही तेच. इंग्रजीतलं मोठं आणि छोटं अक्षर वेगळं धरलं जातं, आणि आम्ही दोघं कोड लिहिणारे. एकच 'बिल पाहिलं' तीन नावांनी तीन महिने जमा होत राहिलं. आता नावांची एक शीट आहे. तिच्यात नसलेलं नाव कोडमध्ये घालायचं नाही.

आकड्यांत एक 'अतिउत्साही वापरकर्ता' सापडला होता, दिवसाला चाळीस-चाळीस बिलं बघणारा. ते निघाले आपले सचिव काका. ज्यांच्याकडे साधा फोन आहे त्यांना ते आपल्याच फोनवर बिल दाखवतात. उलट एका सभासदाचं खातं बाप, लेक आणि सून अशा तिघांच्या फोनवर. टूलला फोन दिसतो, घर दिसत नाही. यूझर आयडी (प्रत्येक सभासदाची खूण) सेट केल्यावर घर थोडंफार जुळलं. त्यात सभासद क्रमांक किंवा मोबाइल नंबर घालू नका. आम्ही वेगळाच यादृच्छिक आकडा देतो. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात संमतीची सूचना राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषेत वाचता येण्याची सोय ठेवायला सांगितली आहे, म्हणून ती मराठीत लिहिली. वकिली मराठी टाळायला तीन खर्डे लागले.

सशुल्क टूल वाईट असतात असं मी म्हणणार नाही. टीममध्ये एसक्यूएल (क्वेरीची भाषा) लिहिणारं कोणी नसेल आणि 'लोक कुठल्या स्क्रीनवर गळतात' हे रोज बघायचं असेल, तर मिक्सपॅनल किंवा पोस्टहॉगमध्ये ते पाच मिनिटांत दिसतं. मला त्याला अख्खी दुपार लागते. फक्त पैसे इव्हेंटवर मोजतात की महिन्याच्या वापरकर्त्यांवर, हे आधी विचारा. आमच्यासारखं कमी वेळा उघडणारं पण माणसं जास्त असलेलं अ‍ॅप असेल, तर इव्हेंटवरचा हिशोब बहुधा स्वस्त पडतो.

एक गोष्ट अजून जमलेली नाही. रेंज नसलेल्या वाड्यांवरचे इव्हेंट फोनमध्येच साठून राहतात आणि उशिरा पोचतात. रोजच्या तक्त्यात तीन दिवसांपर्यंत भर पडत राहते. म्हणून १ तारखेच्या बिलाचा आकडा आम्ही ४ ला बघतो, ११ चा १४ ला, २१ चा २४ ला. बाकीचे दिवस डॅशबोर्ड बंदच असतो.