घरच्या वायफायवर फाइली रखडत होत्या, त्याचा नऊ महिन्यांचा अनुभव

माझे बाबा शाळेत शिक्षक होते. २००२ ते २००९ या काळात कुडाळ, वेंगुर्ला, सावंतवाडी भागातल्या जत्रांमध्ये जाऊन त्यांनी दशावताराचे प्रयोग आपल्या छोट्या कॅमेऱ्यावर टिपून ठेवले. मिनी डीव्हीच्या ८४ कॅसेट घरात आहेत. त्यातले काही कलाकार आता हयात नाहीत. ती फीत अजून वाजते आहे तोवर सगळं संगणकावर उतरवून घ्यायचं, म्हणून मी यंदा फेब्रुवारीत दोन हार्ड डिस्कचं नॅस घेतलं. म्हणजे घरच्या नेटवर्कवर बसणारं साठवणीचं यंत्र. त्याच्या वापराचा हा अनुभव आहे, पण खरं तर त्या यंत्रापेक्षा त्याच्यापर्यंत पोचणाऱ्या वाटेबद्दलच जास्त लिहावं लागणार आहे. कंपन्यांची नावं देत नाही. दोष जोडणीत होता आणि तो कुठल्याही कंपनीच्या यंत्राबरोबर झाला असता.

घराची मांडणी आधी सांगतो, कारण सगळं तिथेच अडलं होतं. घर जुनं, चिऱ्याचं, म्हणजे जांभ्या दगडाचं. भिंती दीड फूट जाड. फायबर येतं पडवीत, तिथेच राउटर, आणि राउटरला केबलने जोडलेलं नॅस. कॅसेट उतरवायचा जुना डेस्कटॉप मात्र माजघराच्या मागच्या खोलीत, कारण तिथे धूळ कमी आणि ओल कमी. त्यात कॅमेरा जोडायला लागणारं फायरवायरचं कार्ड आहे. वायफायसाठी मागच्या बाजूला यूएसबीचा डोंगल, म्हणजे वायफाय पकडणारं बोटभर यंत्र, लावलेला. राउटर आणि डोंगल यांच्या मध्ये दोन भिंती.

मिनी डीव्हीची एक तासाची कॅसेट उतरवली की साधारण १३ गिगाबाइटची फाइल होते. पहिली फाइल नॅसवर पाठवली तेव्हा वेग दिसला सेकंदाला ३ मेगाबाइट. हिशेब केला तर ७२ मिनिटं. कॅसेट वाजायला जितका वेळ लागतो, त्याहून जास्त वेळ ती माजघरातून पडवीत जायला! बाबा दर थोड्या वेळाने येऊन विचारायचे, "अजून किती येळ लागतलो रे?" मध्येच जोडणी तुटायची आणि फाइल पहिल्यापासून पाठवावी लागायची. पहिल्या महिन्यात अकरा कॅसेट झाल्या, त्यातल्या तीन अर्धवट कॉपी झालेल्या नंतर सापडल्या. तेव्हापासून मूळ फाइल पुसण्याआधी दोन्हींचा आकार जुळवून बघतो.

इंटरनेट देणाऱ्यांच्या मदत केंद्राला फोन केला तेव्हा मोठा प्लॅन घ्या असा सल्ला मिळाला. तो घेतला असता तर पैसे वाया गेले असते. घरातल्या एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर जाणारी फाइल इंटरनेटवर जातच नाही, ती राउटरपाशीच वळते. प्लॅन ४० मेगाबिटचा असो की ३०० चा, या कामाला काही फरक पडत नाही. आणि बिट-बाइटचा घोळही इथेच होतो. प्लॅन मेगाबिटमध्ये सांगतात, विंडोजची कॉपीची खिडकी मेगाबाइट दाखवते. आठ बिटांचा एक बाइट. म्हणजे १०० मेगाबिट म्हणजे कागदावर १२.५ मेगाबाइट, आणि प्रत्यक्षात ११ च्या आसपास. हा ११ चा आकडा लक्षात ठेवा, पुढे तो येणार आहे.

खरी सुरुवात झाली ती वाटेचे तुकडे पाडून प्रत्येक तुकडा वेगळा मोजायला लागल्यावर. डेस्कटॉप उचलून पडवीत नेला आणि सरळ केबलने राउटरला जोडला. तीच १३ गिगाबाइटची फाइल १०५ ते ११० मेगाबाइटच्या वेगाने दोन मिनिटांत गेली. म्हणजे नॅस ठीक, दोन्हीकडच्या डिस्क ठीक, विंडोज ठीक. दोष हवेतल्या वाटेत. एवढ्या एका चाचणीने माझा नवा राउटर घ्यायचा विचार थांबला.

मग आयपर्फ३ नावाचं फुकट साधन वापरलं. एका यंत्रावर ते ऐकत बसतं, दुसऱ्यावरून नुसता डेटा फेकायचा. डिस्कचा संबंधच येत नाही, त्यामुळे फक्त नेटवर्कचा वेग कळतो. पडवीत केबलवर लॅपटॉप ठेवला आणि मागच्या खोलीतून मोजलं, तर ६० मेगाबिटच्या आसपास. कोड्यात पडलो. हे तर सेकंदाला ७ मेगाबाइटच्या वर होतं, मग फाइल ३ नेच का जाते? दोन दिवस डोकं खाल्ल्यावर कळलं की ज्या बाहेरच्या यूएसबी ३ हार्ड डिस्कवर कॅसेट उतरवत होतो, ती चाचणीच्या वेळी बंद होती. ती चालू करून, तिच्यावरून काहीतरी वाचायला लावून पुन्हा मोजलं, तर वेग २४ मेगाबिटवर आला.

ही गोष्ट फार कमी लोकांना माहीत आहे, म्हणून जरा थांबून सांगतो. यूएसबी ३ च्या तारेतून डेटा ५ गिगाबिटने धावतो तेव्हा त्यातून जो रेडिओ गोंगाट बाहेर पडतो, तो २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातही पसरतो, आणि माझं वायफाय त्याच पट्ट्यावर चालत होतं. इंटेलने २०१२ मध्येच यावर एक सविस्तर टिपण प्रसिद्ध केलं होतं. माझा डोंगल त्या हार्ड डिस्कच्या वायरीला अगदी खेटून होता. म्हणजे मी कॉपी सुरू करायचो तेव्हाच, आणि तेवढा वेळच, डोंगलच्या कानाशी कोणीतरी ढोल वाजवत असायचं. यूएसबी २ ची दोन मीटरची एक्स्टेंशन वायर घेतली, डोंगल तिच्या टोकाला लावून दाराच्या चौकटीवर टांगला. वेग ३ वरून ७ वर. तुमचा डोंगल सीपीयूच्या मागे हार्ड डिस्कशेजारी खोचलेला असेल तर आजच लांब करून बघा.

पुढचा विचार वायफायच्या दुसऱ्या पट्ट्याचा, ५ गिगाहर्ट्झचा. आमच्या राउटरने दोन्ही पट्ट्यांना एकच नाव दिलं होतं आणि डोंगल कायम २.४ लाच चिकटायचा. सेटिंगमध्ये जाऊन दोघांना वेगळी नावं दिली. पण ५ ची लहर भिंतीत लवकर दमते. मागच्या खोलीत सिग्नल उणे ७८ डीबीएम (हे सिग्नलच्या ताकदीचं माप), उणे ७० च्या खाली गेलं की भरवसा धरू नये. वेग कधी १० तर कधी शून्य. चुलत भावाकडून एक एक्स्टेंडर, म्हणजे राउटरचा सिग्नल पकडून पुढे पाठवणारं यंत्र, आणला आणि माजघराच्या दारात लावला. संगणकावर लगेच सगळ्या कांड्या भरल्या, वेग मात्र २.४ च्या पट्ट्यावर ५ मेगाबाइट आणि ५ च्या पट्ट्यावर १८ मेगाबाइट. कांड्या फक्त एक्स्टेंडर आणि संगणक यांच्यातलं अंतर सांगतात, एक्स्टेंडरपासून राउटरपर्यंतची कथा सांगत नाहीत. शिवाय एकाच पट्ट्यावर तोच डेटा दोनदा हवेत सोडावा लागतो, एका वेळी एकच बोलू शकतो, म्हणून वेग साधारण अर्धा होतो.

शहरात राहणाऱ्यांसाठी एक गोष्ट. आमच्या वाडीत शेजाऱ्यांचं वायफाय आमच्या घरापर्यंत येत नाही, त्यामुळे चॅनलची, म्हणजे पट्ट्यातल्या वेगवेगळ्या वाटांची, गर्दी मी भोगली नाही. पुण्यात बहिणीच्या सोसायटीत मात्र फोनवर वीसेक नावं दिसतात. तिथे २.४ वर १, ६, ११ यांपैकी सगळ्यांत मोकळा चॅनल निवडावा, कारण एकमेकांवर न चढणारे चॅनल हे तीनच. रुंदीही २० मेगाहर्ट्झच ठेवावी.

तर १८ च्या वेगाने एप्रिल-मे बरे गेले. जूनमध्ये पाऊस लागला. चिरा पाणी पितो, हे इथे प्रत्येकाला ठाऊक आहे. जुलैपर्यंत भिंती आतून गार आणि ओलसर झाल्या आणि १८ चा वेग ९-१० वर आला. पाणी या लहरी शोषून घेतं, त्यामुळे तीच भिंत पावसाळ्यात जास्त जाड झाल्यासारखी वागते. बाबांना मी हे सांगितलं तेव्हा ते गप्प बसून भिंतीवर हात फिरवत राहिले. त्यांच्या आजोबांनी बांधलेली भिंत आहे ती.

मग ठरवलं, केबलच ओढायची. दोन्ही यंत्रं जागची हलत नाहीत, तर त्यांना हवेतून बोलायला लावायचंच कशाला? माळ्यावरून २५ मीटर लागली. बाहेरून वाशांखालून न्यायची सोपी वाट होती, पण आमच्याकडे मे-जून आणि ऑक्टोबरात विजा फार पडतात, त्यामुळे तांब्याची तार घराबाहेर काढायची नव्हती. पहिल्या दुकानात कॅट ६ (नेटवर्क केबलचा एक दर्जा) म्हणून जी केबल मिळाली ती हलकी लागली. घरी आणून ब्लेडने खरवडली तर आत पांढरी तार. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा. ती परत केली आणि शुद्ध तांब्याची आणली, जवळजवळ दुप्पट किमतीला. पैसे द्यायला जड गेले, पण ही तार लवकर तुटत नाही आणि लांब अंतरावर सिग्नलही कमी गळतो.

केबल लागली त्या संध्याकाळी फाइल ११० ने गेली. बाबा चहाचा कप घेऊन शेजारी बसले होते, चहा संपायच्या आत एक अख्खा प्रयोग नॅसवर पोचला.

बारीक फाइलींचं दुखणं केबलनेही जात नाही. प्रयोगांचे फोटो, हस्तपत्रिका, बाबांच्या टिपणवह्यांची स्कॅन केलेली पानं अशा नऊ हजार फाइली होत्या. त्या पाठवताना वेग ८-१० वर घसरला. प्रत्येक फाइलीसाठी दोन यंत्रांत उघड, लिही, बंद कर अशी बोलणी होतात आणि त्यातच वेळ जातो. विंडोजमध्येच असलेली रोबोकॉपी वापरून एका वेळी १६ फाइली पाठवल्या, तेव्हा काम तिपटीने लवकर झालं.

गणपतीच्या आधी पुन्हा घोळ झाला. चतुर्थीला मुंबईचे सगळे येणार, त्यांना २००४ च्या जत्रेतला प्रयोग दाखवायचा म्हणून फाइली हलवायला बसलो, तर वेग ११.२. अगदी स्थिर, ना वर ना खाली. वायफायचा वेग कधी असा सरळ रेषेत चालत नाही. आकडा बघूनच कळलं की गिगाबिटची, म्हणजे १००० मेगाबिटची, जोडणी १०० मेगाबिटवर उतरली आहे. विंडोजमध्ये बघितलं, तर जोडणीचा वेग १०० मेगाबिटच लिहिलेला. १०० मेगाबिटला केबलमधल्या नारिंगी आणि हिरव्या अशा दोनच जोड्या पुरतात, गिगाबिटला चारही जोड्या, म्हणजे आठही तारा लागतात. म्हणजे निळ्या किंवा तपकिरी जोडीत काहीतरी तुटलं होतं. माटवीचं, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर बांधायच्या सजावटीचं, सामान काढायला माळ्यावर चढलो तेव्हा दिसलं: उंदरांनी केबल एका जागी कुरतडली होती, तपकिरी तार पूर्ण तुटलेली. तेवढा तुकडा कापून जोड न देता पूर्ण केबल नवी घातली, या वेळी पीव्हीसीच्या पाइपातून. जोड दिला असता तर पावसाळ्यात तिथेच पुन्हा बिघडलं असतं. पाइप पहिल्यांदाच घालायला हवा होता, माळा असलेल्या घरात ही काटकसर कोणी करू नये.

नॅसबद्दल थोडक्यात. नऊ महिन्यांत एकदाही अडकलं नाही. पंख्याचा आवाज रात्री पडवीत ऐकू येतो. वीज जाते तेव्हा लिहिता लिहिता बंद पडू नये म्हणून छोटा यूपीएस लावला आहे, तो नसता तर मी हे यंत्र कोणाला सुचवलं नसतं. दोन डिस्कवर एकच डेटा असतो, पण त्याला मी दुसरी प्रत मानत नाही, चुकून पुसलं तर दोन्हीकडून जातं. खरी दुसरी प्रत वेगळ्या हार्ड डिस्कवर बहिणीकडे पुण्यात ठेवली आहे.

अजून खळ्यात, म्हणजे अंगणात, बसून टॅबवर प्रयोग बघायचा म्हटलं तर चित्र अडकतं, तिथे २.४ च पोचतं आणि डीव्हीची फाइल सेकंदाला साडेतीन मेगाबाइटच्या वर मागते. माजघरातून केबल काढून खळ्याकडच्या भिंतीवर एक वायफायचा ॲक्सेस पॉइंट लावायचा आहे. तुळशीचं लग्न झालं की जत्रा सुरू होतील, त्याआधी ते करायचं. ८४ पैकी ६७ कॅसेट उतरल्या. दोन फितींवर बुरशी आहे, त्या सध्या कॅमेऱ्यात घातलेल्या नाहीत. उरलेल्या १५ बाबांनी स्वतःच्या हाताने क्रम लावून टेबलावर ठेवल्या आहेत.