कानाच्या गाठीचं ऑपरेशन, गेलेला तोल आणि खो-खो : आमच्या तालुक्याच्या फिजिओथेरपी सेंटरचा अनुभव

अकूस्टिक न्यूरोमाचं, म्हणजे कानाच्या नसेवरच्या गाठीचं, ऑपरेशन झालं आहे आणि परत मैदानात उतरायचं आहे, अशा माणसासाठी हे लिहिते आहे. विदर्भातल्या खेड्यात राहून ते जमतं, त्यासाठी नागपूर-पुण्याला खोली करून राहावं लागत नाही, हे आधीच सांगून टाकते. आमच्या तालुक्याच्या गावी, बसस्टँडवरून पायी जाता येईल इतक्या अंतरावर, एका मेडिकलच्या वर दोन खोल्यांचं फिजिओथेरपी सेंटर आहे. पाटीवर गुडघेदुखी, कंबरदुखी, लकवा एवढंच लिहिलेलं. तोलाचं काम तिथे इतकं चांगलं होतं हे पाटी वाचून कोणाला कळायचं नाही, म्हणून हा खटाटोप. माझ्याकडून पाचपैकी साडेचार.

मी संत्र्याच्या पट्ट्यातली, मोर्शी-वरुडकडची. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते आणि मुलींचा खो-खोचा संघ माझ्याकडे आहे. कॉलेजात असताना अमरावतीला हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या मैदानावर पुष्कळ खेळले. संरक्षणात साखळी, म्हणजे बसलेल्यांच्या मधून नागमोडी पळणं, आणि आक्रमणात खांबावरची झेप, ही माझी ताकद. मग डाव्या कानाला फोनवरचं ऐकू येईनासं झालं, कानात रात्रंदिवस शिट्टी, आणि झटकन वळलं की पाऊल बाजूला पडायचं. श्रवण तपासणीत डावा कान फार खाली आला, एमआरआय झाला, आणि ऐकण्याच्या आणि तोलाच्या आठव्या नसेवर अडीच सेंटीमीटरची गाठ निघाली. कॅन्सर नव्हे, सावकाश वाढणारी गाठ. पण जागा अशी की चेहऱ्याची नस तिला खेटून आणि आत लगेच मेंदूचा देठ. ऐकू तसंही जवळजवळ गेलेलंच होतं, म्हणून नागपूरला कानामागून, आतल्या कानातून वाट काढून ती काढली. कोरलेल्या हाडाची पोकळी बुजवायला पोटाची चरबी घेतात. डोक्याचं ऑपरेशन आणि व्रण पोटावर, याचं गावात अजून नवल करतात.

या वाटेने ऑपरेशन केलं की त्या बाजूचा तोल सांभाळणारा अवयव कायमचा जातो. सुटी देताना मिळालेल्या कागदावर टाक्यांचं होतं, डोळ्यातल्या थेंबांचं होतं, जड उचलू नका, वाकू नका, नाकातून पाण्यासारखं गळलं तर ताबडतोब या, हे सगळं होतं. तोलाच्या व्यायामाची एक ओळ नव्हती. ‘आराम’ हा शब्द मात्र ठळक होता. घरच्यांनी तोच धरला. सासूबाई पाण्याचा गडवासुद्धा जागेवर आणून द्यायच्या. भिंत धरून न्हाणीपर्यंत जायचं आणि येऊन पडायचं, यात दिवस जात होते. जिल्ह्याच्या ठिकाणी एका फिजिओकडे गेलो तर त्यांनी मानेला शेक आणि मशीन लावून दिलं. मानेला काहीच झालेलं नव्हतं.

तालुक्याच्या सेंटरमध्ये पहिल्या दिवशी कोणतंच मशीन लागलं नाही. मॅडम तरुण आहेत, माझ्या धाकट्या बहिणीच्या वयाच्या. त्यांनी आधी एमआरआय आणि ऑपरेशनचा कागद पूर्ण वाचला, मला समोर बसवून डोकं दोन्ही हातांत धरलं आणि नाकाकडे बघत राहायला सांगून एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे झटका दिला. डावीकडच्या झटक्याला माझी नजर सुटायची आणि मागून धावत नाकावर परत यायची. मग फरशीवर खडूने गोल काढला. “ताई, गोलात उभ्या राहा, डोळे मिटा, हात समोर, आणि जागच्या जागी 50 पावलं टाका.” मी दाराकडे तोंड करून सुरू केलं. जागेवरच चालते आहे याची मला पक्की खात्री होती. डोळे उघडले तर समोर दार नव्हतंच, खिडकी होती, आणि मी गोलाच्या बाहेर. शरीर आपलं आपण डावीकडे वळत गेलं होतं आणि मला पत्ता नव्हता. ऑपरेशन झाल्यापासून मला काय होतंय हे मला स्वतःला नीट दिसलं ते त्या खडूच्या गोलाने.

मॅडमनी समजावलं तेही साध्या शब्दांत. तोल तीन ठिकाणांहून येणाऱ्या बातमीवर चालतो : दोन्ही आतले कान, डोळे, आणि तळपाय-सांधे. कापलेली नस परत जुळत नाही. उरलेला कान, डोळे आणि पाय यांच्यावर मेंदूला नवा हिशेब बसवायचा असतो, आणि तो बसतो फक्त हालचालीतून. पडून राहिलं, डोकं ताठ धरून चाललं, तर मेंदूला चूक दिसतच नाही, मग तो दुरुस्त काय करणार? चक्करच्या गोळ्याही फार दिवस चालू ठेवल्या तर हे शिकणं लांबतं. तेवढ्यावर न थांबता त्यांनी सर्जनशी फोनवर बोलून गोळ्या कमी करवून घेतल्या. आपल्या मनाने एकही गोळी बंद करू दिली नाही, हे मुद्दाम लिहिते.

व्यायाम दिसायला अगदी साधे. भिंतीवर हातभर अंतरावर एक अक्षर चिकटवायचं, नजर अक्षरावर ठेवायची आणि मान डावी-उजवी, मग वर-खाली हलवायची. अक्षर अस्पष्ट व्हायला लागतं त्या वेगाच्या जरा अलीकडे राहायचं आणि वेग रोज चढवत न्यायचा. आधी बसून, मग उभं राहून, मग पाय जोडून, मग चालता चालता. सेंटरमध्ये एक चौकडीचा पडदा आहे. साध्या भिंतीवर जमलं की मॅडम तेच अक्षर पडद्यावर लावायच्या, आणि त्या चौकड्यांनी अक्षरशः भोवंड यायची. नियम एकच : भोवंड आली पाहिजे, पण थोडी, आणि थांबल्यावर 15-20 मिनिटांत उतरली पाहिजे. त्यापेक्षा जास्त रेंगाळली तर दुसऱ्या दिवशी एक पायरी खाली. या नियमाने मला धीर दिला. त्याआधी चक्कर आली की काहीतरी बिघडलं असंच वाटायचं.

फोमवर उभं राहणं हा दुसरा मोठा भाग. मऊ फोमवर तळपायाची बातमी पुसट होते, वरून डोळे मिटले की सगळा भार उरलेल्या कानावर. ऑनलाइन मिळणारा निळा पॅड घ्यावा का म्हणून विचारलं, तर मॅडम म्हणाल्या, सोफेवाल्याकडून दाट फोमचा तुकडा कापून आणा, तेवढं पुरे. बाजारातून आणला, एकदम स्वस्तात. घरच्या कापसाच्या गादीवर करून बघू नका. ती दबून टणक होते आणि व्यायामाचा अर्थच जातो. आणि कोपऱ्यात उभं राहायचं, दोन्हीकडे भिंत, समोर खुर्ची. घरी एकट्याने असताना डोळे मिटून करायचंच नाही, अशी तंबी होती.

हे सगळं कदाचित मोठ्या शहरातही असंच शिकवतात. इथलं वेगळेपण पुढे आहे. मॅडमनी विचारलं, “तुमचा दिवसभरात पाय कुठे कुठे पडतो?” मी सांगितलं, शाळेचं मैदान, घर आणि वावर. झालं, त्यांनी धुरा, म्हणजे वावराचा बांध, कार्यक्रमात घेतला. धुऱ्यावरून एकापुढे एक पाऊल टाकत जायचं, आधी सरळ बघत, मग दर काही पावलांनी एकीकडच्या झाडाकडे, मग दुसरीकडच्या. काळी माती, उन्हाळ्यात भेगाळलेली, पाऊस झाला की चपलेला चिकटणारी; प्रत्येक पाऊल वेगळं पडतं. सुरुवातीला मिस्टर मागून कोपर धरून चालायचे. शेजारचे काका पहिल्यांदा बघून म्हणाले, “काहून ओ बाई, धुरा मोजून राह्यल्या का?” नंतर तेच वावरातून हाका मारून मला मान वळवायला लावायचे.

रात्रीचं वेगळं सांगितलं पाहिजे. शेतीची लाइन अनेकदा रात्रीच येते आणि पाणी द्यायला जावं लागतं. अंधारात डोळे गेले, नांगरलेल्या वावरात पाय गेले, राहिला एकच कान. आमच्यासारख्यांनी बॅटरीशिवाय रात्री वावरात जाऊ नये, आणि बॅटरी पायाशी मारायची, दूर नाही. विहिरीत पोहण्याबद्दलही मॅडमनी स्पष्ट सांगितलं : पाण्याखाली वर कुठे आणि खाली कुठे हेच कळेनासं होऊ शकतं, तेव्हा सूर मारणं बंद. एकटीने पाण्यात उतरणं तर नाहीच.

आता खो-खो. जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला आणि आपल्या मुलींनी नेपाळला हरवून तो जिंकला. कर्णधार महाराष्ट्राची, प्रियांका इंगळे. माझ्या पोरींनी ते सामने मोबाइलवर पाहिले आणि तेव्हापासून “मॅडम, खांबावरची झेप दाखवा” ही भुणभुण. तोंडाने सांगून झेप शिकवता येत नाही. मला खेळून दाखवायचं होतं, बाकावरून शिट्टी वाजवायची नव्हती. हे फिजिओ मॅडमना सांगितलं तर त्यांनी “आता या वयात कशाला” असं चुकूनही म्हटलं नाही. रविवारी त्या शाळेच्या मैदानावर आल्या, पोरींचा सराव बघितला आणि वहीत लिहून घेतलं की खेळाडू कुठे कुठे मान वळवतो.

त्यातून माझा कार्यक्रम बनला. चौकोनात बसायचं, उठायचं, उजवीकडे वळून धावायचं; मग तेच डावीकडे. खो-खोत आक्रमकाने एकदा दिशा घेतली की खांब येईपर्यंत किंवा खो देईपर्यंत मागे फिरता येत नाही, म्हणून वळण घेतानाच तोल पक्का लागतो. डावीकडचं वळण माझं कच्चं होतं. नजर आधी खांबावर टाकायची, मग डोकं, मग खांदा, हा क्रम मॅडमनी घोटवून घेतला. नजर आधी पोचली की जग हलत नाही. मग साखळी, पहिल्यांदा चालत, बसलेल्या पोरींच्या मधून. झेप सगळ्यात शेवटी, आणि त्याआधी सर्जनचं लेखी पत्र मागितलं : पडणं, आपटणं, पोटावर झेपावणं चालेल का. पत्र हातात येईपर्यंत खांबाला फक्त हात लावून वळायचं. मला घाई होती, त्यांना नव्हती, आणि त्यांचंच बरोबर होतं.

बहिऱ्या कानाचा प्रश्न मात्र व्यायामाने सुटत नाही. एका कानाने आवाज ऐकू येतो, पण कुठून आला ते कळत नाही. धावताना डावीकडून आक्रमक आली की पावलं ऐकूच येत नाहीत. त्यामुळे मान आधीपेक्षा कितीतरी जास्त वळवावी लागते, आणि मान वळवणं हेच तर अवघड होऊन बसलेलं. इथे ते अक्षराचे व्यायाम कामी आले. आज मी धावता धावता मागे वळून बघते आणि समोरची पोरगी मला स्पष्ट दिसते, तिच्या शर्टावरचा नंबरसुद्धा. आक्रमणात बसलेली असताना गलक्यात ‘खो’ कानावर येत नाही, तेव्हा पोरींना सांगून ठेवलंय की पाठीवर थाप जोरात पडली पाहिजे. नियमात हात लावणं आहेच, फक्त तो आता दमदार लागतो. तालुक्याच्या स्पर्धेआधी शिक्षिकांचा एक मैत्रीचा सामना मॅटवर झाला. मॅट मऊ, पहिली काही मिनिटं फोमवर उभं राहिल्यासारखं वाटलं, पण ते ओळखीचं होतं. त्या सामन्यात झेप घेतली आणि गडी मिळाला. पोरींनी मैदान डोक्यावर घेतलं.

सगळं पहिल्यासारखं झालं का? नाही. दमलं की, झोप कमी झाली की, तापात, डावीकडे ओढ जाणवते. गर्दीच्या बाजारात अजून मी भिंतीच्या बाजूने चालते. चेहऱ्याच्या नसेमुळे मिटत नसलेला डावा डोळा आता मिटतो, पण वाऱ्यात कोरडा पडतो, म्हणून धुळीच्या मैदानावर चष्मा आणि खिशात थेंब. चेहऱ्यासाठी मॅडमनी करंटचं मशीन लावलं नाही. आरशासमोर सावकाश करायच्या हालचाली दिल्या, त्याच चालू आहेत.

अर्धा गुण कशाचा कापला तेही लिहिते. जिना उभा आहे आणि एकाच बाजूला कठडा आहे, तोही उतरताना उजवीकडे येतो. ज्याच्या उजव्या हाताचा भरवसा नाही, त्याने उतरावं कसं? तोल गेलेल्या पेशंटला वर बोलावायचं तर दोन्ही बाजूंना पाइप हवा. दुसरं, व्यायामाचा छापील कागद इंग्रजीत होता. माझं भागलं, पण माझ्यासोबत बसणाऱ्या, लकव्यातून उठलेल्या आजोबांना तो घरी कोणी वाचून दाखवायचा? मी तो मराठीत लिहून दिला, मॅडमनी लगेच झेरॉक्स काढून ठेवल्या. पाइपबद्दल घरमालकाशी बोलणं चालू आहे म्हणतात. तोवर खालून मेडिकलमधल्या भाऊंना हाक मारा, ते हात देऊन वर आणतात.

फी एका वेळची 300 रुपये, सुरुवातीला आठवड्यातून दोनदा, नंतर पंधरवड्यातून एकदा. बाकी सगळं घरी करायचं असतं आणि ते खरंच रोज करावं लागतं. बाजाराच्या दिवशी जाऊ नका, गर्दीत मॅडमना तुमच्यासाठी वेळ मिळत नाही. सकाळच्या पहिल्या गाडीने गेलं तर निवांत तपासतात. तुम्ही दुसऱ्या तालुक्यातले असाल तर जवळच्या फिजिओला फोनवर एवढंच विचारा : वेस्टिब्युलर, म्हणजे तोलाचे, व्यायाम घेता का, आणि डोळे मिटवून, फोमवर उभं करून तपासता का? “शेक देतो” असं उत्तर आलं तर पुढचा नंबर लावा. जाताना ऑपरेशनचा कागद, एमआरआयचा रिपोर्ट आणि चालू गोळ्यांची चिठ्ठी न्या, आणि पहिल्या काही वेळा सोबत कोणाला तरी घ्या, कारण व्यायामानंतर लगेच एसटीत उभं राहून परतणं जमत नाही.