मुंबई हाय की आखात? रिगवरच्या दोन नोकऱ्या आणि एक मोजणी

दोन्हीकडचं बोलावणं हातात असलेले लोक पनवेल, कामोठे, उलवे, उरण या पट्ट्यात पुष्कळ आहेत. एकीकडे मुंबई हायवरच्या, म्हणजे मुंबईसमोरच्या समुद्रातल्या तेलक्षेत्रातल्या, खासगी रिगवर (विहिरी खोदण्याच्या फलाटावर) कंत्राटी नोकरी, दुसरीकडे अबुधाबी, कतार किंवा सौदीच्या पाण्यातली रिग, अठ्ठावीस दिवस कामावर आणि अठ्ठावीस घरी. बोसिएट (समुद्रावर जाण्याआधीचं सुरक्षा प्रशिक्षण) झालंय, मेडिकल पास आहे, आता हो कुणाला म्हणायचं एवढंच उरलंय, अशा माणसासाठी हे लिहितोय. मी रिग इलेक्ट्रिशियन. आधी आखातात काही वर्षं काढली, आता मुंबई हायला आहे. त्यामुळे माझा कल कुठे असणार हे उघड आहे. तरी आखाताची बाजू लंगडी मांडणार नाही. माझं कामोठ्यातलं घर त्याच पैशांवर झालंय.

ओएनजीसीची कायम नोकरी या तुलनेत धरलेली नाही. इंजिनिअरांची गेट परीक्षा देऊन ई-१ या अधिकारी श्रेणीत लागलेल्याचं मूळ वेतनच ६०,००० ते १,८०,००० च्या पट्टीत असतं, वर भत्ते वेगळे. ती मिळत असेल तर पुढचं वाचू नका, जाऊन रुजू व्हा. बार्जवरची, म्हणजे कामगारांना राहायला ठेवतात त्या सपाट तरफ्यांवरची, हंगामी कामंही बाजूला ठेवतो. पावसाळा संपला की सुरू होऊन मेअखेर आटोपणारं ते काम, पगार कमी आणि माणसं दाटीने भरलेली. १७ मे २०२१ ला तौक्ते वादळात पी-३०५ बार्ज बुडाली तेव्हा तिच्यावर २६१ माणसं होती, वाचली १८६. ऑफर बार्जची असेल तर आखात विरुद्ध मुंबई हाय हा प्रश्नच वेगळा होतो.

आता पैसा. सगळ्यांचे आकडे मला माहीत नाहीत, माझ्या कामाचे आणि माझ्या बरोबरीच्या लोकांचे सांगतो. माझ्यासारख्या अनुभवी इलेक्ट्रिशियनला मुंबई हायला वर्षाकाठी साडेअकरा लाखांच्या आसपास पडतात. आखातात तेच काम वीस लाखांच्या घरात जातं. म्हणजे पावणेदोन पट. खालच्या जागांवर, म्हणजे रौस्टअबाउट (डेकवरचा मजूर), पेंटर, स्ट्युअर्ड यांच्यात हा फरक माझ्या पाहण्यात बराच कमी आहे. एजंटचे पैसे आणि घरापासून लांब राहणं जमेस धरलं तर कधी कधी उरतच नाही. (एजंटने घ्यायची फी सरकारने ३०,००० रुपये अधिक जीएसटी एवढीच ठरवली आहे. त्यावर कुणी मागितलं तर तिथेच उठा.) उलट वर चढत गेलात, आयडब्ल्यूसीएफ (विहिरीचा दाब काबूत ठेवण्याचं प्रमाणपत्र) करून असिस्टंट ड्रिलर, ड्रिलर झालात, की आखाताचा आकडा इतका पुढे निघून जातो की मुंबई हायने मागे धावण्यात अर्थ राहत नाही.

पगारपत्रकात न दिसणारी एक गोष्ट बोर्डवर गेल्यावर दिसते: कोण कुठून आलंय. मुंबई हायवर मी पाहिलेल्या रिगवर वेल्डर आणि फिटर बहुतेक बिहार, उत्तर प्रदेश आणि ओडिशाचे, जड सामान बांधून उचलणारे रिगर आंध्राच्या किनाऱ्यावरचे, मेडिक आणि रेडिओवाले निवृत्त फौजी. आपली मंडळी इलेक्ट्रिकल, मेकॅनिकल आणि क्रेनवर जास्त. उरण-पनवेलच्या आयटीआयमधली, काही रत्नागिरीची. वय तिशी-चाळिशीचं. पन्नाशीनंतर मेडिकलला रक्तदाब नाहीतर साखर आडवी येते आणि माणूस हळूच यादीतून गळतो. बायका अगदी थोड्या, त्याही बहुतेक ओएनजीसीच्या अधिकारी. मेसमध्ये सगळे एकाच रांगेत उभे राहतात, पण कायम कोण आणि कंत्राटी कोण हे कव्हरऑलवरच्या (अंगभर कामाच्या पोशाखावरच्या) कंपनीच्या नावावरून कळतं, आणि तेवढ्यावर पगाराची दरी किती हेही कळतं.

आखातात ही दरी पासपोर्टची असते. एकाच रिगवर, एकाच कामाला युरोपीय माणसाचा पगार वेगळा, आपला नि फिलिपिनो माणसाचा वेगळा, आणि स्थानिकाचा अगदीच वेगळा. हे कुणी लिहून देत नाही, सगळ्यांना माहीत असतं. शिवाय सौदीत आणि ओमानमध्ये स्थानिकांना पुढे आणण्याचं सरकारी धोरण आहे, ते त्यांच्या बाजूने योग्यच आहे. पण त्यामुळे तुम्ही ज्याला काम शिकवता तोच दोन-तीन वर्षांत तुमच्या जागेवर बसणार, हे धरून चालायचं. मला याचा फार राग कधी आला नाही. आपल्याकडची कायम-कंत्राटी दरी काही कमी बोचत नाही.

नोकरी टिकण्याचं म्हणाल तर दोन्हीकडे वाळूचेच किल्ले. मुंबई हायला कंत्राटदार बदलतो. माणूस तोच, रिग तीच, पण नवं नेमणूकपत्र आणि सेवा पुन्हा शून्यापासून. पाच वर्षांच्या अटीमुळे अशा लोकांची ग्रॅच्युइटी कधी पिकतच नसे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नवे कामगार कायदे लागू झाले, त्यात मुदतबंद नेमणुकीला ही अट एका वर्षावर आली आहे. तेव्हा पत्रात ‘फिक्स्ड टर्म’ लिहिलंय का, हे आधी बघा. अमिरातीत हिशोब सोपा आहे, पहिली पाच वर्षं दर वर्षाला २१ दिवसांचा मूळ पगार, त्यापुढे ३०. मेख ‘मूळ’ या शब्दात आहे. ऑफर लेटरमध्ये मूळ पगार लहान आणि भत्ते मोठे असतात.

आखातात कपात आली की मात्र एका फटक्यात येते. जानेवारी २०२४ मध्ये सौदी सरकारने आपल्या तेल कंपनीला, अरामकोला, उत्पादनक्षमता दिवसाला १ कोटी ३० लाख बॅरलवर नेण्याचा बेत सोडायला लावला, १ कोटी २० लाखांवरच थांबा म्हणून. त्या वर्षभरात वीसहून जास्त जॅक-अप रिगची (समुद्रतळावर पाय टेकून उभ्या राहणाऱ्या) कंत्राटं स्थगित झाली. कळंबोली-कामोठ्यात त्या वर्षी कोण अचानक घरी दिसायला लागलं ते शेजाऱ्यांनाही कळत होतं. मुंबई हाय १९७४ ला सापडलं, १९७६ पासून तेल देतंय, उत्पादन उतरणीला आहे. पण म्हाताऱ्या विहिरींना देखभाल जास्त लागते, आणि जानेवारी २०२५ मध्ये ओएनजीसीने उत्पादन वाढवण्यासाठी बीपी या ब्रिटिश तेल कंपनीला दहा वर्षांसाठी तांत्रिक भागीदार म्हणून घेतलंय. माझ्या अंदाजाने आपल्या निवृत्तीपर्यंत तिथे रिग उभ्या असतील.

जेवण, खोल्या, सुरक्षा, इंटरनेट यात आखात थोडं उजवं, एवढंच म्हणतो.

आता ज्या गोष्टीने माझा निर्णय झाला तिच्याकडे येतो. ती धोक्याची नाही, पगाराचीही थेट नाही. दिवस मोजण्याची आहे.

आखातातला पगार गोड लागतो तो इथे त्यावर कर नाही म्हणून. आणि कर नाही, कारण तुम्ही अनिवासी. नोकरीसाठी बाहेर राहणारा माणूस आर्थिक वर्षात भारतात १८२ दिवसांपेक्षा कमी राहिला तर अनिवासी. १८२ भरले की निवासी, आणि मग जगभरातलं उत्पन्न इथल्या करात येतं. नियम सगळ्यांना पाठ असतो. अठ्ठावीस-अठ्ठावीसच्या माणसाच्या तो कसा गळ्यात येतो, हे मात्र ऑफर घेताना कुणी सांगत नाही.

वर्षाचे ३६५ दिवस म्हणजे छप्पन्न दिवसांच्या सहा फेऱ्या आणि वर २९ दिवस. सहा फेऱ्यांत घरचे १६८ दिवस होतात. उरलेले २९ कुठे पडतात त्यावर सगळं ठरतं. १ एप्रिलला तुम्ही रिगवर चढला असाल तर वर्षाअखेर भारतातले १६९ भरतात, सुटलात. १ एप्रिलला घरी उतरला असाल तर १९६ होतात, अडकलात. गंमत पुढे आहे. ज्याचं पहिलं वर्ष १६९ चं, त्याचं दुसरं आपोआप १९५ च्या आसपास येतं. कंपनीने एक दिवस इकडचा तिकडे केला नाही, सगळं वेळापत्रकाप्रमाणे चाललं, तरी एक आड एक वर्ष तुम्ही फसता. त्यात उतरण्याचा आणि निघण्याचा असे दोन्ही दिवस भारतात धरणं सुरक्षित, असं माझा सीए सांगतो. म्हणजे आणखी दिवस गेले.

आणि वेळापत्रकाप्रमाणे कधी चालतं? एका पावसाळ्यात माझी रिग तपासणीसाठी यार्डात गेली आणि जॉइनिंग दोन आठवडे पुढे ढकललं. घरच्यांना आनंद, मी कॅलेंडर घेऊन बसलेलो. ते जादा दिवस भरून काढायला मग मार्चमध्ये सुट्टी असूनही भारतात यायचं नाही. शारजात एका भाड्याच्या खोलीत आम्ही तिघे रिगवाले बसून होतो. कामावर नाही, घरीही नाही, नुसता ३१ मार्च होण्याची वाट बघत. इथे शिमगा, गावाला पालखी, मागोमाग पाडवा. आर्थिक वर्ष नेमकं त्याच दिवसांत संपतं आणि मोजणीचा फास दर वेळी तिथेच आवळतो. बायको फोनवर म्हणाली, “सुट्टी आहे ना, मग येत का नाही?” सुट्टी आहे म्हणूनच येता येत नाही, हे माणसाला समजावून सांगणं फार विचित्र वाटतं.

एका दिवसाने चुकलं तर किती जातात? वीस लाखांवर नव्या करपद्धतीने, ७५ हजारांची प्रमाणित वजावट धरून, उपकरासह कर साधारण १ लाख ९२ हजार होतो. म्हणजे १८१ व्या दिवसानंतर घरी झोपलेली एक रात्र महिनाभराच्या पगाराहून महाग. ज्यांच्याकडे तिकडचा रहिवासी व्हिसा आणि कर-रहिवासाचा दाखला आहे त्यांना दुहेरी कर टाळण्याच्या कराराची वाट असू शकते. ते सीएला विचारा. रिगवाल्यांपैकी असा दाखला हातात असलेले मला फार थोडे भेटले.

मुंबई हायलाही कटकट आहे, नाही असं नाही. क्रू चेंजला जुहूच्या हेलिबेसवर उजाडायच्या आत पोहोचायचं. कामोठ्याहून सायन-पनवेल रस्त्याने वाशी पूल ओलांडून, बॅग घेऊन, अर्धवट झोपेत. तिथे बॅगेचं वजन, तुमचं वजन, लाइफ जॅकेट, ब्रीफिंग. आणि जुलैत ढग खाली उतरले की चॉपर रद्द. घरी परत, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. माझ्या कंत्राटात बोर्डवर पाय ठेवल्यापासून पगार सुरू होतो, वाट बघण्याचे दिवस कोरडे. समुद्रात अडकलेला रिलीव्हरची वाट बघत शिव्या घालत असतो तो वेगळाच. चॉपरची भीतीही खोटी नाही, २८ जून २०२२ ला सागर किरण रिगजवळ पवनहंसचं हेलिकॉप्टर पाण्यात उतरलं, नऊपैकी चौघे गेले.

पण जुहूला वाया गेलेल्या दिवसाबरोबर त्या दिवसाचाच पगार जातो. अख्खं वर्ष जात नाही. कर कापला जायचा तो कापला जातो, मोजायला काही उरत नाही. त्यातही २०२५-२६ पासून नव्या पद्धतीत पगारदाराला १२ लाख ७५ हजारांपर्यंत आयकर शून्य झाला आहे. माझे साडेअकरा लाख त्याच्या आत बसतात. म्हणजे आखाताचं जे सगळ्यात मोठं आमिष होतं, करमुक्त पगार, ते माझ्या पातळीच्या माणसाला आता इथे घरबसल्या मिळतंय. पावणेदोन पट तरीही पावणेदोन पटच, हे मान्य. तो फरक मी घर घेताना वसूल केला, आता नसला तरी चालतो.

तुमचं तसं नसेल. कर्ज डोक्यावर असेल, मुलं लहान असतील, वय तिशीच्या आत असेल, तर चार-पाच वर्षं आखातात काढून यावं असंच मी म्हणेन. ड्रिलरच्या वाटेवर असाल तर विचारही करू नका, तिकडेच जा. पण इलेक्ट्रिशियन, मेकॅनिक, क्रेन ऑपरेटर, वेल्डर यांनी आणि ज्यांची पोरं दहावी-बारावीला आली आहेत त्यांनी वीस लाखांचा आकडा बघून लगेच सही करू नये. माझ्या मते त्यांच्यासाठी पारडं आता मुंबई हायकडे झुकलंय. थोडंसंच, पण झुकलंय.

आणि आखातात जायचंच ठरलं, तर सही करण्याआधी १ एप्रिलला तुमची हिच (रिगवरची पाळी) कुठे पडते ते विचारून घ्या. एचआरला विचारू नका, त्यांना प्रश्नच कळत नाही. क्रू कोऑर्डिनेटरला विचारा. शक्य असेल तर पस्तीस-अठ्ठावीस मागा. आठवडाभर जास्त समुद्रात जातो, पण मोजणी सुटते. आणि पासपोर्टवरच्या प्रत्येक शिक्क्याचा फोटो त्याच दिवशी काढून ठेवा, शाई पुसट असते.