वास अडवणारी सिलिकॉनची जाळी, ३ महिने वापरून (आणि आमच्या बिबड्यांचा, म्हणजे ज्वारीच्या पापडांचा, घोळ)

बाथरूमच्या मोरीत बसवायच्या या जाळीला ३ स्टार देतोय. वस्तू वाईट नाही, पण हे २ स्टार का कापले आणि त्यात जाळीचा दोष किती अन् आमचा किती हे सांगायचं तर सगळं रामायण सांगावं लागेल, तेव्हा चहा घेऊन बसा.

घर जळगावात, रो हाऊस, खाली एक बाथरूम वर एक, सेप्टिक टँक मागच्या अंगणात. मे महिन्यात मामेभावाच्या लग्नाला सगळे शिरपूरला गेलो, हळदीपासून सत्यनारायणापर्यंत ९ दिवस घर बंद. परत आलो आणि खालच्या बाथरूमचं दार उघडलं तर असा भपकारा आला की पोरगं नाक धरून अंगणात पळालं. सडलेल्या अंड्यासारखा वास. आधी वाटलं उंदीर मेला असेल, पण मेलेल्या उंदराचा वास गोडसर आणि चिकट असतो, हा तसा नव्हता, हा सरळ गटारीचा होता.

याचं कारण मला माहिती होतं असं मला वाटत होतं. मोरीच्या जाळीखाली जो नहाणी ट्रॅप असतो त्यात कायम दोनेक इंच पाणी साचून राहतं, ते पाणीच बुचाचं काम करतं, खालचा गॅस वर येऊ देत नाही. आपल्याकडं पारा ४४ वर जातो, घर बंद, कोणी आंघोळ करत नाही, पाणी आटतं आणि रस्ता मोकळा. म्हणून २ बादल्या पाणी ओतलं, तासाभरात वास गेला, मी बायकोसमोर जरा भाव पण खाऊन घेतला. दुसऱ्या दिवशी सकाळी वास परत हजर.

इथंच खरं डोकं चालायला पाहिजे होतं. ९ दिवसांत पाणी आटलं हे समजू शकतो, पण एका रात्रीत कसं आटेल भो? पण नाही चाललं, आणि मी दुकानात जाऊन लिक्विडच्या बाटल्या आणत बसलो. एक लिंबाच्या वासाची, एक लव्हेंडरची, म्हणजे आता गटार अधिक लव्हेंडर असा वास येऊन राहिला. वरून अजून शहाणपणा केला, ॲसिडवालं टॉयलेट क्लीनर टाकलं होतं त्याच मोरीत ब्लीचिंग पावडर टाकली, आणि खाडकन डोळ्यात नि घशात काहीतरी गेलं, खोकत खोकत बाहेर आलो. नंतर कळलं की ते दोन्ही एकत्र आलं की क्लोरीन गॅस होतो. दार-खिडकी उघडी होती म्हणून निभावलं. हे कोणी करू नका, अगदी गंमत म्हणून पण नका करू.

मग फोनवरून एक प्लंबर बोलावला. त्यानं आल्या आल्या सांगितलं "चोकअप आहे", स्प्रिंग घातली, १० मिनिटं गरागरा फिरवली, ८०० रुपये घेतले. पाणी तर आधी पण धडाधड जात होतं, चोकअप कुठून आला? पण आपण त्या वेळी विचारत नाही ना, पैसे देऊन मोकळे होतो.

आता जाळीवर येतो. ऑनलाईन ३४९ ला घेतली. वर स्टीलची प्लेट आणि खाली सिलिकॉनचं नळकांडं, ज्याचं तोंड बदकाच्या चोचीसारखं चपटं मिटलेलं असतं. पाणी पडलं की वजनानं चोच उघडते, पाणी गेलं की मिटते. पहिली मागवली ती परत करावी लागली, कारण मी वरची प्लेट मोजली होती ५ इंच, आणि ते खालचं नळकांडं आमच्या ट्रॅपच्या गळ्यात जाईचना. म्हणजे मापं दोन घ्यायची, प्लेटचं आणि आतल्या भोकाचं. दुसरी बरोबर बसली. कडेनं फट राहते तिथं मी थोडं सिलिकॉन लावलं, प्लेट पुढं उचलता येईल इतपतच.

२ दिवस एकदम शांतता. मला वाटलं जिंकलो. तिसऱ्या दिवशी आई म्हणते, "वास कथाईन ई ऱ्हायना रे आते?" (वास कुठून येतोय रे आता?) मी जाळीला नाक लावून बघितलं (हो, खरंच लावलं), तिथं काही नाही. वास बेसिनकडून येत होता! म्हणजे एक दार बंद केलं तर तो दुसऱ्या दारानं आला. आणि गंमत म्हणजे घरात बसून बसून आम्हाला वास येणंच बंद झालं होतं, नाक मरतं, बाहेरून अर्धा तास फिरून आलं की मगच कळायचं.

मग शेवटी आमच्या गल्लीतले म्हातारे प्लंबर, सगळे त्यांना जिभाऊ म्हणतात, ते लुनावर आले. पिशवी दारातच ठेवली, एकही पाना काढला नाही, आधी विचारलं कधीपासून, कोणत्या वेळी जास्त, पंखा चालू असताना की बंद असताना. आम्ही सांगितलं की एक्झॉस्ट लावला की वाढतो. ते हसले. म्हणे पंखा आतली हवा बाहेर फेकतो, मग तेवढी हवा कुठून तरी आत येणार ना, दार बंद असलं तर ती गटारीतून ओढली जाते. मग दार-खिडकी उघडी ठेवून आधी थोडा वेळ बाथरूम मोकळं होऊ दिलं, अगरबत्ती पेटवली, पंखा लावून दार लोटलं आणि जमिनीपासून हातभर वर धरून एकेका जागी नेली. जाळीपाशी धूर सरळ वर. कमोडपाशी सरळ. बेसिनच्या खाली, जिथं ती पांढरी घड्या घड्यांची प्लास्टिकची नळी भिंतीतल्या पाईपात जाते, तिथं धूर एकदम बाहेरच्या बाजूला वाकला, फुंकर मारल्यासारखा. नळी सव्वा इंची, पाईप दोन इंची, मधली फट उघडी, वर फक्त पांढरं झाकण सरकवलेलं. ७ वर्षं ते तसंच होतं आणि समोर बेसिनचा खांब (पेडेस्टल) असल्यानं दिसायचं पण नाही. (सेप्टिक टँकचं किंवा चेंबरचं झाकण उघडून मात्र तिथं अगरबत्ती-काडी काही नेऊ नका असं त्यांनी दोनदा बजावलं, तिथला गॅस पेट घेतो.)

पण ७ वर्षं फट होती तर वास आत्ताच का? हे त्यांनीच विचारलं, मी नाही. माझी जाळी काढायला लावली, मोबाईलचा टॉर्च ट्रॅपमध्ये मारला, आणि पोराला वर पाठवून फ्लश ओढायला सांगितला. मी पण वाकून बघत होतो. ट्रॅपमधलं पाणी आधी थरथरलं, मग मधोमध खड्डा पडल्यासारखं झालं, गुडुप गुडुप आवाज आला आणि पाणी सरळ बोटभर खाली गेलं. तीन फ्लशमध्ये ट्रॅप जवळजवळ कोरडा. म्हणजे पाणी आटत नव्हतं, ओढलं जात होतं.

जिभाऊ काही न बोलता जिने चढून गच्चीवर. मागोमाग मी, माझ्यामागं आई. गच्चीच्या कोपऱ्यात जो व्हेंट पाईप वर आलेला असतो ना, जाळीच्या टोपीवाला, त्याच्या तोंडावर काळी जाड पॉलिथीन, सुतळीनं तीन वेढे मारून करकचून बांधलेली.

मी आईकडं बघितलं. आई दुसरीकडं बघायला लागली.

झालं असं होतं की लग्नाच्या आधीच्या आठवड्यात ज्वारीचे बिबडे घातले, सगळी गच्ची साड्या अंथरून भरलेली, आणि त्या पाईपाचा वास बिबड्यांना लागेल म्हणून आईनं तो बांधून टाकला. बिबडे वाळले, डबे भरले, पॉलिथीन विसरली. तो पाईप गटारीच्या नळीला श्वास घ्यायला असतो. वरून फ्लशचं पाणी धाडकन खाली येतं तेव्हा मागं पोकळी होते, ती भरायला हवा व्हेंटातून यायला पाहिजे, व्हेंट बंद तर ती पोकळी खालच्या ट्रॅपचं पाणी ओढून घेते. आणि टँकमध्ये तयार होणारा गॅस वरून निघायचा, तो आता घरातून निघणार. जिभाऊंनी सुतळी कापली आणि आईला एवढंच म्हणाले, "बिबडासनी घोय कया वं माय." (बिबड्यांनी घोळ केला गं माय.)

संध्याकाळपर्यंत वास निम्मा, दुसऱ्या दिवशी संपला. बेसिनच्या नळीला त्यांनी ४० रुपयांची रबरी रिंग बसवली, सगळे मिळून २५० घेतले. मी ५०० देत होतो, नाही घेतले, आईनं बिबड्यांची पिशवी दिली ती मात्र घेतली.

तर जाळी. ती ठेवली आहे, कारण झुरळं बंद झाली, हे एकच काम तिनं पहिल्या दिवसापासून चोख केलं, आणि गावाला गेलो तर पाणी आटलं तरी आधार. पण बायकोचे केस त्या चोचीत अडकतात आणि मग चोच अर्धी उघडी राहते, म्हणजे दर ८-१० दिवसांनी काढून जुन्या ब्रशनं घासावी लागते, आमच्या बोअरच्या पाण्याचा क्षार पण बसतो. दोन बादल्या एकदम ओतल्या तर पाणी जरा तुंबतं, मग हळूहळू जातं. कपडे धुवायच्या मोरीत लावू नका, साबणाच्या फेसानं वैताग येतो. आणि ती फक्त ज्या भोकात बसते तेवढंच भोक अडवते, पेटीवर मात्र "संपूर्ण बाथरूम दुर्गंधीमुक्त" असं लिहिलंय, एक स्टार त्या वाक्याचा कापला. दुसरा केसांचा.

आई आता म्हणतेय पुढच्या वर्षी बिबडे शेजारच्या काकूंच्या गच्चीवर घालू. काल तिकडं जाऊन त्यांचा पाईप कुठं आहे ते बघून पण आली.