डिस्नीलँडची मॅजिक की वर्षभर वापरली, आता रिन्यू करायची का?

मॅजिक की म्हणजे डिस्नीलँडचा वर्षभराचा पास, आणि आमच्या दोघींचे पास या महिन्यात संपतायत. दोघी म्हणजे मी आणि माझी लेक, आता साडेचार वर्षांची झालीये. आम्ही लॉस एंजेलिसजवळ सेरिटोसला राहतो, म्हणजे ट्रॅफिक नसेल तर अर्ध्या तासाच्या आत अनाहाइम, जिथे डिस्नीलँड आहे. २०२४ च्या नोव्हेंबरात किमती नुकत्याच वाढल्या होत्या आणि मी तरीही घेतला. तेव्हापासून भेटेल तो मराठी माणूस एकच विचारतो, वसूल झाला का गं? झाला, आमचा झाला. पण सरसकट घ्या असं मी आता कोणाला सांगणार नाही आणि आम्ही स्वतःही पुढच्या वर्षी घेत नाहीये, त्याचं कारण नीट लिहिते.

आधी ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. पूर्वी डिस्नीलँडचा साधा अॅन्युअल पास असायचा, तो कोविडमध्ये पार्क बंद असताना २०२१ च्या जानेवारीत बंद केला आणि ऑगस्टमध्ये मॅजिक की आणली. मोठा फरक हा की नुसता पास असून चालत नाही, जायच्या दिवसाचं रिझर्व्हेशन करावं लागतं आणि पासच्या प्रकाराप्रमाणे काही तारखा तुमच्यासाठी बंदच असतात. सुरुवातीला सगळ्यात स्वस्त इमॅजिन ३९९ डॉलरला होता आणि सगळ्यात महाग ड्रीम १३९९ ला. ड्रीमला एकही तारीख बंद नाही असं सांगून विकला होता आणि लोकांना रिझर्व्हेशनच मिळेना, त्यावर कोर्टात केस झाली आणि कंपनीने ९५ लाख डॉलर देऊन ती मिटवली. नंतर ड्रीम गेला, इन्स्पायर आला, त्यात ख्रिसमसचा आठवडा बंद. २०२४ च्या ऑक्टोबरात इमॅजिन ५९९, एनचान्ट ९७४, बिलीव्ह १३७४ आणि इन्स्पायर १७४९ झाला. म्हणजे तीन वर्षांत सगळ्यात स्वस्त पास बरोबर २०० डॉलरनी वाढला. मधल्या पासांची नावं आणि नियम बदलत राहतात आणि साधारण दर ऑक्टोबरात दर हलतात, त्यामुळे घेताना ताजे आकडे बघूनच घ्या.

आम्ही इमॅजिन घेतला. तो फक्त दक्षिण कॅलिफोर्नियात पत्ता असलेल्यांना मिळतो, भारतातून आलेल्या आईवडिलांना नाही. आणि एक गोष्ट जी घेताना नीट लक्षात ठेवा, रोजच्या तिकिटात ३ ते ९ वर्षांच्या मुलांना थोडं कमी पडतं, पासमध्ये मात्र लहान-मोठं असा भेदच नाही, साडेतीन वर्षांच्या पोरीचेही ५९९. तीन वर्षांखालच्या मुलांना तसंही प्रवेश फुकट आहे, तर ज्यांचं बाळ दोन-अडीच वर्षांचं आहे त्यांनी त्याच्यासाठी अजिबात घाई करू नका.

हिशोब सांगते. १७ वेळा गेलो. ५९९ भागिले १७, म्हणजे माणशी एका फेरीला साधारण ३५ डॉलर. आणि गाडी लावायचा दर पण तेव्हा ३५ डॉलर! पार्किंग फुकट फक्त सगळ्यात महाग पासवर. त्यामुळे पास घेतला म्हणजे पुढचं सगळं फुकट असं डोक्यात अजिबात ठेवू नका, पार्किंगचे वर्षाचे पैसे आधीच धरून चला. आम्ही चार-पाच वेळा नॉरवॉक स्टेशनवरून मेट्रोची ४६० नंबरची बस पकडली, ती सरळ डिस्नीलँडपर्यंत जाते, वेळ जास्त जातो पण लेकीला बसचंच एवढं कौतुक की तिला ती पण एक राईड वाटायची.

एका दिवसाचं तिकीट तेव्हा १०४ पासून २०६ डॉलरपर्यंत होतं, तारीख बघून. १०४ वाले दिवस फार थोडे असतात. तरी अगदी १०४ च धरले तर सहाव्या फेरीला पास सुटतो. ऐकायला फारच सोपं वाटतं ना, आणि मी पण एवढंच गणित करून घेतला होता. पण खरी तुलना या तिकिटाशी करायचीच नाही हे मला नवऱ्याने दाखवून दिलं. तो आठवडाभर ऑफिसला जातो आणि इमॅजिनमध्ये बहुतेक वीकेंड बंद, उन्हाळ्याचेही बरेचसे दिवस बंद, म्हणून त्याचा पास काढला नव्हता. मग २०२५ च्या सुरुवातीला दक्षिण कॅलिफोर्नियातल्या रहिवाशांसाठी तीन दिवसांच्या तिकिटाची ऑफर आली, दिवसाला ६७ डॉलरपासून, तीन दिवसांचे १९९. त्याने ते घेतलं, तीन वेळा रजा काढून आमच्याबरोबर आला आणि परत येताना गाडीत म्हणाला, अगं तुझ्या एका पासच्या पैशात अशी तीन तिकिटं येतात. खरंच येतात, १९९ त्रिक ५९७. म्हणजे एका माणसाच्या पासमध्ये तिघांचे तीन-तीन दिवस. त्या ऑफरमध्ये एका दिवसात एकच पार्क आणि पासमध्ये दोन्ही पार्कात (डिस्नीलँड आणि शेजारचं कॅलिफोर्निया अॅडव्हेंचर) जा-ये करता येते हा फरक आहे, पण चार वर्षांच्या मुलीबरोबर एका संध्याकाळी दोन पार्क कोण करतंय. त्यामुळे माझा हिशोब आता असा, वर्षात नऊपेक्षा जास्त फेऱ्या अगदी नक्की होणार असतील तरच पासचा विचार करा. आणि नऊ वेळा जाऊच की असं घेताना सगळ्यांनाच वाटतं, म्हणून कागदावर तारखा लिहून बघा. बंद तारखांचं कॅलेंडर आधी बघायला मिळतं, त्याच्या शेजारी शाळेचं आणि ऑफिसच्या सुट्ट्यांचं कॅलेंडर ठेवा आणि दोन्हीकडे मोकळे असलेले दिवस मोजा. दहा मिनिटांचं काम आहे, पण पैसे भरायच्या आधी कराच.

आमच्या फेऱ्या कशा झाल्या ते सांगते, कारण पासची खरी मजा तिथेच आहे. मंगळवार-बुधवारी दुपारी तीनला निघायचं, चारला आत, साडेसात-आठला बाहेर. दोन किंवा तीनच राईड. लाइटनिंग लेन, म्हणजे जादा पैसे भरून लांब रांग टाळायची सोय, एकदाही घेतली नाही, ती तेव्हा माणशी ३२ डॉलरपासून होती आणि पासमध्ये येत नाही. दिवसाचं तिकीट काढून आलेली माणसं सकाळी सातपासून पळत असतात, पोरं रडकुंडीला आलेली, आईबाप घामाघूम, कारण चौघांचे सातशे-आठशे डॉलर गेलेत आणि ते वसूल करायचेत. आम्हाला ती घाई कधीच नव्हती. एखाद्या राईडला पाऊण तास रांग दिसली की चल गं पुढच्या वेळी, म्हणून बदकं बघत बसायचो. डबा बरोबर असायचा. बाहेरचं खाणं आत न्यायला परवानगी आहे, काचेच्या बरण्या-बाटल्या नकोत एवढंच, आणि खाण्याच्या काउंटरवर साधं थंड पाणी मागितलं तर फुकट देतात. मेथीचे पराठे, तिखट-मिठाच्या पुऱ्या, द्राक्षं, झालं जेवण. एखादा चुरो दोघींत. खाण्यावर पासवाल्यांना सवलत आहे पण खरं सांगू, जे घेतलंच नाही त्यावर सगळ्यात जास्त वाचतं.

लेकीची उंची पास घेतला तेव्हा ३७ इंच होती. बिग थंडर माउंटन या राईडला ४० लागते. तिथे दाराशी उंची मोजायची पट्टी आहे, दर वेळी ती पळत जाऊन पट्टीखाली ताठ उभी राहायची आणि तिथल्या ताई वाकून बघून म्हणायच्या, अजून थोडी. घरी येऊन ती त्या रात्री स्वतःहून दूध प्यायची. मे महिन्यात एका बुधवारी तिचे केस पट्टीला टेकले. तेव्हा तिचा जो चेहरा झाला होता तो मला एका दिवसाच्या तिकिटात दिसलाच नसता, कारण त्याच्या आधीच्या सगळ्या नकारांमुळे तो आनंद एवढा मोठा झाला. माझ्या मते पास घेण्याचं सगळ्यात चांगलं वर्ष हेच, साधारण साडेतीन ते साडेचार. मूल चालतं, आठवणी राहतात, शाळा अजून सुरू नाही.

आणि नाना. माझे वडील मार्च-एप्रिलमध्ये सहा आठवडे आले होते. ७४ वय, गुडघे दुखतात. इथे पाहुण्यांबद्दल एक सांगायला हवं, तुमच्या पासवर पाहुण्यांना प्रवेश मिळत नाही, त्यांचं पूर्ण तिकीट काढावं लागतं, आणि आपल्याकडे वर्षात दोनतीनदा तरी कोणी ना कोणी येतंच. ज्यांच्याकडे पाहुणे सतत असतात त्यांना पासचा फायदा एवढाच की स्वतःचं तिकीट वाचतं. गुडघ्यांसाठी वेगळी सोय मिळेल असंही धरू नका, २०२४ पासून रांगेशिवाय सोडायची सोय मुख्यतः ऑटिझमसारख्या कारणांसाठीच ठेवलीये. व्हीलचेअर भाड्याने मिळते.

नानांनी व्हीलचेअर नको म्हटलं. ते भुसावळला रेल्वेत होते, सगळी नोकरी तिथेच. मी त्यांना मेन स्ट्रीट स्टेशनवर डिस्नीलँडच्या आगगाडीत बसवलं, म्हटलं एक चक्कर मारा मग बघू. खरं वाफेचं इंजिन आहे ते, खेळण्यातलं नाही. पार्क १९५५ ला उघडलं तेव्हापासून ही गाडी आहे आणि त्यातलं एक इंजिन तर १८९४ चं आहे. रूळ तीन फुटी. नाना खाली वाकून रूळ बघत म्हणाले, आपल्या पाचोरा-जामनेरच्या छोट्या गाडीच्या रुळांपेक्षा सहा इंच रुंद आहे गं. न्यू ऑर्लिन्स स्क्वेअर नावाच्या स्टेशनवर इंजिन पाणी घ्यायला थांबतं, आणि तिथे एका खोलीतून टेलिग्राफचा कटकट-कट्ट आवाज सारखा येत असतो. आम्ही आधी दहा वेळा तिथून गेलो असू, मला ते नुसतं वातावरणासाठी लावलेलं वाटायचं. नाना एकदम उभे राहिले. नोकरीला लागले तेव्हा तारेचं काम शिकले होते ते. कान देऊन ऐकत राहिले, बोटाने मांडीवर ठोकत राहिले, आणि म्हणाले शब्द आहेत हे, पण माझे नाहीत. घरी येऊन शोधलं तर खरंच शब्द आहेत, वॉल्ट डिस्नीचं उद्घाटनाचं भाषण आहे ते, पण जुन्या अमेरिकन रेल्वेच्या संकेतात, आपल्याकडे शिकवायचे त्याच्यापेक्षा वेगळा. नानांनी त्या दिवशी गाडीच्या पाच चकरा मारल्या, वीसेक मिनिटांची एक. दुसरं काहीही बघितलं नाही. एवढं महाग तिकीट काढून फक्त रेल्वे बघितली याचं मला तेव्हा वाईट वाटलं नाही ते केवळ आमच्या दोघींकडे पास होते म्हणून, आम्हाला कुठेही पळायचं नव्हतं, आम्ही पण त्यांच्या शेजारी पाच चकरा बसलो.

बरं, नियमांचं राहिलं. इमॅजिनवर एका वेळी दोनच रिझर्व्हेशन धरता येतात. जायचं नसेल तर आदल्या रात्री बारा वाजायच्या आत रद्द करा, ९० दिवसांत तीनदा न जाता राहिलात तर ३० दिवस नवीन रिझर्व्हेशन मिळत नाही. लहान मुलं आहेत, ताप-सर्दी कधीही येते, म्हणून मी आदल्या दिवशी रात्री साडेनऊचा अलार्म लावते, जायचंय का नाही ते तेव्हाच ठरवायचं. कॅलिफोर्नियात राहणाऱ्यांना हप्त्याने पैसे भरता येतात आणि व्याज नाही, सोय चांगली आहे, पण महिन्याचा आकडा छोटा दिसतो म्हणून वरचा पास घेऊ नका. वर्षाची रक्कम बघूनच ठरवा.

आता आमचं का थांबतंय. ऑगस्टमध्ये लेकीची टीके, म्हणजे इथला शाळेतला बालवाडीसारखा वर्ग, सुरू झाली. सव्वादोनला शाळा सुटते, घरी येऊन निघेपर्यंत साडेतीन, पाचच्या ट्रॅफिकमध्ये सापडलो की सहा वाजता आत आणि साडेसातला तिला झोप. १७ पैकी १४ फेऱ्या शाळेच्या आधीच्या आहेत, शाळा सुरू झाल्यापासून तीनच झाल्या. शाळा सुरू झाली की मूल मोकळं असतं वीकेंडला आणि उन्हाळ्यात, आणि नेमके तेच दिवस इमॅजिनमध्ये बंद. वीकेंड पाहिजेत तर बिलीव्हपर्यंत जायला हवं, तिघांचे चार हजारांच्या वर, त्यात आम्ही भारतात जाऊन येऊ. म्हणून जानेवारीच्या सुमारास परत तीन दिवसांची ऑफर आली तर तिघांची ती घ्यायची, नाही आली तर एका वर्षाची विश्रांती. घरून काम करणारे, तीन-चार वर्षांचं मूल असणारे, अर्ध्या तासात पोचणारे, अशांनी इमॅजिन खुशाल घ्या, मी आनंदाने सांगेन. सॅन डिएगोहून किंवा त्याहून लांबून येणाऱ्यांनी घेऊ नका, एवढ्या लांबून येऊन तीन तासांत कोणी परत जात नाही, आणि पूर्ण दिवस काढायचा म्हटलं की वर्षात चारच्या वर फेऱ्या होत नाहीत.

आमचं शेवटचं रिझर्व्हेशन येत्या मंगळवारचं आहे. बिग थंडर एकदा, मग आगगाडी. तिथला तो टेलिग्राफचा आवाज फोनवर रेकॉर्ड करून नानांना पाठवायचाय, जुन्या अमेरिकन संकेताचा तक्ता त्यांनी भाच्याकडून प्रिंट करून घेतलाय.