फुफ्फुस प्रत्यारोपणानंतर: घरचा स्पायरोमीटर की ब्रॉन्कोस्कोपी?

प्रत्यारोपित फुफ्फुसात दोन माणसांच्या रोगप्रतिकारक पेशी एकत्र नांदतात. दात्याच्या काही टी पेशी (परक्या पेशींवर हल्ला करणाऱ्या पांढऱ्या पेशी) वर्षाहून अधिक काळही टिकू शकतात. रुग्णाच्या टी पेशी रक्तातून आत शिरतात. त्या नव्या फुफ्फुसावर उलटल्या की रिजेक्शन, म्हणजे शरीराने परका अवयव नाकारणे, सुरू होते, आणि सुरुवातीला अनेकदा काहीच जाणवत नाही.

कल्याणहून परळला तपासणीसाठी येणाऱ्याला लोकलची गर्दी टाळायचीच असते. त्याला घरचा स्पायरोमीटर, म्हणजे फुंकून श्वास मोजायचे यंत्र, मोठा आधार. पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा मूळ पातळीहून २० टक्के घटली आणि तशीच राहिली, तर जुनाट रिजेक्शनची शंका घेतात. पण घट टी पेशींच्या हल्ल्यामुळे आहे की बुरशीच्या संसर्गामुळे, हे आकडा सांगत नाही. उपचार मात्र जवळजवळ उलटे: रिजेक्शनला स्टेरॉइडचा मोठा डोस, तोच संसर्गात घातक ठरू शकतो.

तिथे ब्रॉन्कोस्कोपीच, म्हणजे श्वासनलिकेतून दुर्बीण घालून केलेली तपासणीच हवी. आतून धुऊन काढलेल्या द्रवात लिम्फोसाइट (टी पेशी ज्यांत मोडतात त्या पांढऱ्या पेशी) वाढल्या की न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी), जंतू आहेत का, हे कळते; बायोप्सीत, म्हणजे काढलेल्या तुकड्याच्या तपासणीत, बारीक रक्तवाहिन्यांभोवती जमलेल्या लिम्फोसाइट दिसतात. रक्तस्रावाचा धोका आहे, खर्चही. तरी आकडा घसरला तर ती टाळू नका, आणि टॅक्रोलिमस या रिजेक्शन रोखणाऱ्या औषधाचा डोस स्वतःहून कधीच बदलू नका.